सोवळ्याचं निळं फूल

मी फूल बोलतोय. रेडमंडच्या एका अपार्टमेंटमधल्या गणपतीच्या मखराला टोचलेलं निळं रेशमी फूल. वासाच्या नावानं बोंबच आहे. जन्मानं मात्र मी फूल नव्हे. मी पुण्याच्या प्रल्हादरावांचं सोवळं होतो.

आंघोळ करून ते मला नेसायचे आणि पूजा आटोपली की स्वतःच्या हातानं धुऊन उंच दांडीवर वाळत घालायचे. बाकी कोणी मला शिवायचं नाही, आणि त्याचा मला कोण तोरा होता. मुलाकडे, केदारकडे अमेरिकेला आले तेव्हा त्यांनी मलाही आणलं. जाताना पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. "राहू दे इथंच. पुढचा गणपतीही मीच बसवणार," म्हणाले.

ती पिशवी कोणी उघडली नाही. सोवळ्याला हात लावायचा नसतो म्हणून केदार लांब राहिला, आणि आत काय आहे हे त्याच्या बायकोला, नेत्राला, कोणी सांगितलंच नाही. माझा मान राखता राखता सगळे मला विसरून गेले.

बाहेर महिनोन्महिने पावसाची पिरपिर. कंटाळलेल्या नेत्रानं एका जपानी आजींच्या क्लासला नाव घातलं. आधी कापड दोऱ्यानं बांधून निळीत रंगवायचं, मग त्याच्या घड्या घालून फुलं करायची. आजींनी साधं पांढरं रेशीम आणायला सांगितलं. नेत्रानं कपाट धुंडाळलं आणि मी सापडलो. काठ पार विटलेले. सासूबाईंनी अस्तरासाठी ठेवलेलं जुनं कापड असेल, असं तिला वाटलं. तिनं विचारलं नाही.

कात्री लागली. मग दोरे करकचून आवळले आणि निळीच्या पिंपात बुडवलं. बाहेर निघालो तो हिरवागार, आणि वारा लागेल तसा निळा होत गेलो. दोरे होते तिथं पांढऱ्या चांदण्या उमटल्या. नेत्रानं चौकोन कापले, चिमट्यानं दुमडले, भाताच्या खळीनं एकेक पाकळी बसवली. इतक्या मायेनं मला कधी कोणी हाताळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. प्रल्हादरावांची आठवणसुद्धा झाली नाही. त्याचीच आता लाज वाटते.

श्रावणात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. "नेत्रा, माझं सोवळं वरच्या खणात आहे ना गं?"

तिचा चेहरा उतरला. "हो बाबा, आहे की."

फोन ठेवल्यावर तिनं केदारला सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. "यार, ते सोवळं होतं. आता सेम दिसणारं ऑनलाइन ऑर्डर करू. बाबांना कळणार पण नाही."

नवं सोवळं आलं, धुऊन जरा जुनं केलं गेलं आणि माझ्या पिशवीत जाऊन बसलं. तेव्हापासून नेत्राचं जेवणात लक्ष लागेना.

गणपतीसाठी बाबा पुण्याहून आले आणि चतुर्थीला ते नवं सोवळं नेसले. निऱ्या जरा जास्तच चाचपल्या. पाटासमोर आले आणि मखराकडे बघून म्हणाले, "सुंदर झालीत फुलं. कशाची गं?"

सिल्कची, एवढं म्हणून सुटता आलं असतं. नेत्रा ताम्हन घेऊन तशीच उभी राहिली. "तुमच्या सोवळ्याची, बाबा. मीच कापलं. आधी माहीत नव्हतं, पण कळल्यावरही खोटं बोलले."

केदार खिडकीबाहेर पाहू लागला. बाबांनी मला मखरातून काढलं आणि एका पांढऱ्या चांदणीवर अंगठा फिरवला. तो अंगठा माझ्या ओळखीचा होता.

"विचारलं असतंस तर दिलं असतं," ते म्हणाले.

रागावले असते तर तिनं ऐकून घेतलं असतं. हे मात्र तिला सोसेना, ती रडायला लागली. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "काही उरलंय का?"

तिनं ड्रॉवरमधून हातभर पांढरा तुकडा आणला आणि त्यांना न शिवता द्यावा म्हणून जमिनीवर ठेवायला वाकली.

"हातात दे," बाबा म्हणाले. तो तुकडा खांद्यावर टाकून त्यांनी मूर्ती बसवली.

आता ते पुण्याला परतलेत. तुमच्याही वरच्या खणात एखादी पिशवी असेल तर ती उघडा, पण ज्याची असेल त्याला आधी विचारा. आणि प्रल्हादराव कुठं भेटलेच तर माझा एक निरोप सांगा. मला निळा रंग आवडला, त्यांनी माफ करावं.