गार डफड्याची दवंडी

मित्रांनो, मी एक जुने डफडे आहे आणि खरे सांगायचे तर भित्रे आहे. भैंसा गावच्या एका कारागिराने लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून मला घडवले. उटनूरच्या बाजूच्या आमच्या गावात व्यंकटेश मला गळ्यात अडकवून दवंडी देई. रेशन आले, बैल हरवला, सगळे मीच सांगायचे. दवंडीआधी तो मला तुराट्यांच्या जाळावर तापवी, म्हणजे कातडे ताठ होऊन मी खणखणत असे. मयत झाली तरच मला गार वाजवत. तो ढप्प आवाज आला की वैरीसुद्धा हातातला घास टाकून चावडीपुढे येई, आणि मयत उठेपर्यंत कोणी गावची शीव ओलांडत नसे.

मग तलावाच्या पाण्यावरून पलीकडच्या गावाशी लढाई झाली. डोकी फुटली. आमचे गाव जिंकले आणि लढाई चालवणारे यशवंतराव गावाचे धनी होऊन बसले. मला वाटले, आता सुखाचे दिवस. कसले काय! जिंकलेल्या माणसाला आपल्याच माणसांची भीती जास्त. जे लढाईत पुढे होते त्यांना यशवंतरावांनी आधी घरी बसवले. नवे कारभारी नेमले आणि प्रत्येकाच्या कानात सांगितले, दुसऱ्यावर नजर ठेव. कारभारी एकमेकांना भिऊ लागले, गाव कारभाऱ्यांना, आणि मी सगळ्यांना. चौघांनी एकत्र बसायचे नाही, पलीकडच्या गावाशी बोलायचे नाही, हे हुकूम माझ्याच तोंडून निघाले. मला बघून नाचणारी मुले दाराआड पळू लागली. मला फार वाईट वाटे.

व्यंकटेशची लेक दामिनी त्याच पलीकडच्या गावात दिलेली. दिवस भरलेले. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून ती गुपचूप आली. करण नावाच्या कारभाऱ्याने चुगली केली आणि यशवंतरावांनी व्यंकटेशला बोलावले.

"दिवस बुडायच्या आत पोरगी शिवेपार झाली पायजे. जो तिले पाणी देईन, तो वाळीत. दवंडी तूच द्यायची."

"मालक, लेकरू आज-उद्या होईन. रस्त्यात काई झालं तं?"

"डफडं उचल!"

व्यंकटेशचे हात असे कापत होते की जाळ करायचेच तो विसरला. थाप पडली आणि मी ढप्प वाजले. दारे उघडली. बाया पदर सावरत आल्या, गडी आले, कारभारीही आले. "कोण गेलं?" जो तो विचारू लागला. व्यंकटेशने रडत रडत हुकूम सांगितला.

"चुकलं त्याचं! जा आपापल्या घरी!" यशवंतराव ओरडले.

कोणी हलले नाही. तेव्हा त्यांच्याच पत्नी कौशल्याबाई पुढे आल्या. त्याही भीत होत्या, तरी बोलल्या.

"डफडं गार वाजलं. मयत उठल्याबिगर शीव ओलांडता येत नाई, या पोरीलेबी नाई. कोण मेलं ते तुमी सांगा, मंग काढा तिले."

जित्या माणसाचे नाव मयत म्हणून घेणार कोण? सारे गाव यशवंतरावांकडेच बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम मी प्रथमच पाहिला.

दामिनी माहेरीच बाळंत झाली, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी यशवंतरावांनी विळ्याने माझे कातडे फाडले आणि चावडीवर भोंगा बसवला. मी आता व्यंकटेशच्या घरात खुंटीला लटकून आहे. भोंगा खरखरला की अजून दचकते. हुकूम वाचणाऱ्याचे हात कापतात की नाही, हे भोंग्यातून कोणाला कळणार?

मित्रांनो, मला नवे कातडे चढवा किंवा चढवू नका. पण हुकूम सांगणाऱ्याचे हात कापताना दिसले, तर तो हुकूम पाळण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या.