रिकिबीतला पाय

धानोऱ्याला बदलीचा हुकूम आला की सरकारी नोकराच्या घरात पहिला प्रश्न निघे, आता फिरायचं कसं? मोटार गावापर्यंत येई, तीही कोरड्या दिवसांत. पुढे जंगल, नाले आणि पाऊलवाटा. जंगलरक्षक असो, नर्सबाई असो की देवीची लस टोचणारा, तट्टूवर बसता आल्याशिवाय नोकरी निभत नसे. म्हणून १९५५ च्या हिवाळ्यात कचेरीमागच्या मैदानावर घोड्यावर बसायला शिकवण्याचा वर्ग सुरू झाला.

शिकवायला गुणवंतराव जमादार आले. पोलिसातले जुने घोडेस्वार. त्यांनी जमीनदारांची मुलं तयार केली होती, साहेबांच्या बायका तयार केल्या होत्या आणि घोडा फुरफुरला तरी मागे सरणारे कारकूनही. "माह्याकडं सारे सारखे," असं ते अभिमानाने सांगत, आणि ते खोटं आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नव्हतं.

शिकवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. नवा माणूस खोगिरावर बसला की ते घोड्याशेजारी उभे राहत. एका हाताने त्याच्या पावलाचा चवडा रिकिबीवर ठेवत, दुसऱ्या हाताने टाच खाली ओढत आणि म्हणत, "इथी वजन ठेव. टाच वर गेली का पाय रिकिबीत शिरते. पाय अडकला अन् पडला, का घोडा फरफटत नेते." असं आठवडाभर केलं की पायाला आपोआप कळू लागे.

वर्गात गोंडपिपरीकडचा लटारू नावाचा तरुण होता. महारवाड्यातला, सातवी पास झालेला, देवी टोचण्याच्या कामावर नव्याने लागलेला. वर्ग त्याने पुरा केला तरच त्याची नोकरी पक्की होणार होती. गुणवंतराव त्याला कधी वाकडं बोलले नाहीत. वेगळं बसवलं नाही. फक्त त्याची पाळी आली की ते चार पावलं दूर उभे राहत आणि हातातल्या छडीने दाखवत. "टाच खाली, लटारू. आणखी खाली."

लटारू जोर लावी. खाली दाबता दाबता त्याचा पाय रिकिबीत अधिकच आत जाई. चूक कुठे होते आहे ते त्याला कळत नव्हतं, कारण बरोबर कसं वाटतं हे त्याच्या पायाला कोणी दाखवलंच नव्हतं.

एके दिवशी वर्ग नाल्यापलीकडे नेला होता. मोहाच्या झाडावरून वानरांची टोळी धपाधप खाली उतरली. लटारूची घोडी बिचकून बाजूला उडाली. तो पडला, पण डावा पाय घोट्यापर्यंत रिकिबीत अडकलेला. घोडीने त्याला दगडगोट्यांवरून ओढत नेलं.

गुणवंतरावांनी धावत जाऊन लगाम धरला. वर्गातल्याच, मागून येणाऱ्या नीलाबाई नर्स तट्टूवरून कशाबशा उतरल्या. त्यांनीच वाकून लटारूचा पाय सोडवला. खांद्याचं हाड मोडलं होतं, पाठ सोलून निघाली होती.

दौऱ्यावर आलेल्या साहेबांनी दुपारी विचारलं, "हे झालं कसं?"

"सांगितलेलं ऐकलं नाई जी त्यानं," गुणवंतराव म्हणाले. "रोज सांगत होतो, टाच खाली ठेव म्हून."

"मग त्याच्याकडून हे व्हायचं नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस मागवू," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

गुणवंतराव दवाखान्यात गेले तेव्हा लटारूला झोप लागली होती. ओसरीवर नीलाबाई पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. जंगलातल्या गावात वाढलेल्या, वयाने पोक्त बाई. त्यांनी साहेबांचा निर्णय ऐकून घेतला.

"भाऊ, एक विचारू? माह्या टाचेले तुमी हात लावला. जंगलरक्षक बापूजीच्या लावला. लटारूच्या काऊन नाई लावला?"

गुणवंतराव गडबडले. "मी त्याले कदी वाईट बोललो नाई, बाई."

"मी बोलण्याचं विचारलंच नाई."

"ज्या घोडीवर मी बसतो, त्याच घोडीवर तो बसते. भेदभाव कराचा असता तं बसू देल्लं असतं का?"

"घोडीवर बसू देल्लं. मंग पायाले हात लावाले काय झालं होतं?"

ते ओसरीच्या कडेला बसले. मग खाली पाहत म्हणाले, "सवय आहे, बाई. लहानपणापासूनची. मनात काई नसते, पन हातच पुढं होत नाई."

"सवय तुमची, अन् हाड त्याचं मोडलं," नीलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "नोकरी राह्यली तं उद्या तो गावोगाव जाईन. लेकरांचे दंड धरून देवी टोचन. काई मायबाया त्याचं घर विचारून लेकरू मांगं ओढतीन. ते लेकरू देवीनं गेलं तं दोष कोनाचा? अन् त्या बायाले सांगाचं कोनं? तुमच्यासारख्या शिकवनाऱ्याचाच हात मांगं राह्यला, तं त्या अडानी बायाले कोन्या तोंडानं सांगाचं?"

त्या संध्याकाळी गुणवंतराव मैदानाच्या कडेला एकटेच बसले. किती माणसं आपण शिकवली, ती त्यांनी आठवून पाहिली. तोंडाने सांगून टाच खाली ठेवायला शिकलेला एकही माणूस त्यांना आठवेना. आपण लटारूला शिकवलंच नव्हतं. शिकवल्यासारखं केलं होतं, आणि वर साहेबांसमोर त्यालाच दोषी ठरवलं होतं. इतक्या वर्षांत अशी आणखी किती माणसं आपल्या छडीच्या अंतरावर राहून गेली असतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले.

सकाळी साहेब निघण्याच्या तयारीत होते. गुणवंतराव सर्वांसमोर पुढे झाले.

"साहेब, काल मी खोटं बोललो. लटारूनं ऐकलं नाई असं नाई. मी त्याले शिकवलंच नाई. बाकी साऱ्यायले हात लावून शिकवलं, त्याले दुरून. तो पडला तो माह्यामुळं."

साहेब म्हणाले, "जमादार, यात तुमच्यावर ठपका येईल."

"येऊ द्या जी. पन त्याची नोकरी जाऊ देऊ नका. हाड जुळलं का मी त्याले नव्यानं शिकवतो."

साहेबांनी होकार दिला. ठपकाही आला, गुणवंतरावांची पुढची बढती थांबली. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मग ते लटारूच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. लटारूने शांतपणे ऐकून घेतलं.

"मले माहीत होतं जी," तो म्हणाला.

"मंग बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो तं वर्गातूनच गेलो असतो."



खांदा बरा झाला तेव्हा वर्ग अजून चालूच होता. लटारू पुन्हा मैदानावर आला. खोगिरावर बसला. गुणवंतराव शेजारी आले आणि त्यांनी त्याच्या पायाकडे हात नेला. तोच लटारूने पाय झटकन मागे घेतला.

"राहू द्या जी. मी करतो."

गुणवंतराव थबकले. त्यांची एक सवय होती, तशी लटारूलाही जन्मापासून एक सवय लागली होती. कुणाचा हात जवळ आला की अंग चोरायचं. ती कुणी लावली, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"तुले एकट्यानं नाई जमाचं, बेटा. कोनालेच जमत नाई. पाय आन इकडं," ते म्हणाले. लटारूने हळूहळू पाय पुढे केला. त्यांनी चवडा रिकिबीवर ठेवला, टाच धरून खाली ओढली. "समजलं, वजन कुठी येते ते?"

"आत्ता समजलं जी," लटारू म्हणाला.

पुढची पाळी बापूजीची होती. हा मालगुजाराच्या घरातला जंगलरक्षक. तो घोड्यावरून उतरून बाजूला झाला आणि म्हणाला, "जमादार, माह्याकडं येन्याआंधी हात धुऊन घ्या."

"नाई धुनार," गुणवंतराव म्हणाले. "हाच हात तुह्या टाचेले लागन. पटत असन तं बस घोड्यावर. नसन पटत तं घरी जा."

बापूजी घरी गेला. काही दिवसांनी नोकरीच्या गरजेपोटी परत आला आणि मुकाट्याने शिकला. त्याचं मन बदललं की नाही, कोण जाणे. पण त्या मैदानावर पुन्हा कुणाला दुरून शिकवलं गेलं नाही.

पाऊस सुरू होण्याआधी लटारू लसीची पेटी खोगिराला बांधून एकटा फिरू लागला. काही गावांत माणसं सामोरी आली, काही गावांत दारं बंद झाली. बंद दारांच्या गावी तो परत परत गेला. एकदोनदा गुणवंतराव मुद्दाम त्याच्या सोबत गेले. चावडीवर सर्वांदेखत त्यांनी बाही वर सारून आधी आपला दंड त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडून टोचून घेतलं. मग बायका लेकरं घेऊन पुढे आल्या.

बंधूंनो, भगिनींनो, अस्पृश्यता गुन्हा आहे असा कायदा आता झाला आहे. आपल्यातले बहुतेक जण कुणाला वाईट बोलत नाहीत, हाकलून देत नाहीत, आणि तेवढ्यावर स्वतःला निर्दोष समजतात. गुणवंतरावही तसंच समजत होते. पण कायद्याने शिवी बंद होईल. मागे राहिलेला हात तो कायदा पुढे आणू शकत नाही. तो ज्याचा त्यानेच पुढे आणायचा आहे. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत, जिथे जिथे आपण कुणाला काही शिकवतो किंवा देतो, तिथे आपला हात कुणाकुणाजवळ पोचत नाही, हे आज घरी बसून आपण प्रत्येकाने तपासावं. आपण ज्याला सवय म्हणतो, तिच्यापायी कुठेतरी दुसऱ्याचं हाड मोडत असतं.