सात चौकोन

भीमरावांनी फळ्यावरचा आपला एकमेव मोठा चौकोन पुसून टाकला आणि मार्कर तृप्तीच्या हातात दिला.

"काढ तुझे सात."

तृप्ती गडबडली. दवाखान्यांसाठी चालणारा तो अवाढव्य प्रोग्राम मोडून अपॉइंटमेंट, औषधं, रिपोर्ट असे सात छोटे, स्वतंत्र प्रोग्राम करावेत म्हणून ती सकाळपासून भांडत होती. भीमराव आडवे येणार, हे मस्कतमधल्या रुवी भागातल्या त्या ऑफिसात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मॅनेजर हिबानेही चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"पक्का, भीमराव? बाद में मत बोलना."

"पक्का. खलास."

अकरा वर्षांपूर्वी ते एकटेच होते, म्हणून सगळं एकातच लिहिलं गेलं. औषधांच्या यादीला हात लावावा तर अपॉइंटमेंट अडायच्या, आणि का अडल्या ते फक्त भीमरावांना कळायचं. साहजिकच सुट्टीतही लॅपटॉप बगलेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी बायको सुलोचना नागपूरला दीक्षाभूमीच्या रांगेत एकटी उभी आणि हे महाशय पुस्तकांच्या स्टॉलमागे खुर्ची मागून मस्कतचा घोळ निस्तरताहेत, असं दोनदा घडलं होतं. "माझ्याशिवाय चालत नाही गं त्यांचं," असं ते तिला सांगायचे. सांगताना त्यांना जरा बरंही वाटायचं.

हिबा गेल्यावर तृप्तीने हळूच विचारलं,

"सर, सगळं सुटं झालं की ते कोणीही सांभाळेल. मग तुमचं काय?"

"म्हणूनच तर. वर्षभरात तुला शिकवतो आणि नागपूरला जातो. कायमचा. घराची फार आठवण येते गं."

ऑफिसात असं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. ते घाईघाईने डबा उचलून जिन्यात गेले आणि डबा न उघडताच घरी फोन लावला. पलीकडे शिवणयंत्रांची घरघर चालू होती. सुलोचना चार बायकांना शिवण शिकवते, एवढं त्यांना माहीत होतं.

"सुलू, पुढच्या वर्षी येतोय. परत न जाण्यासाठी."

"कायमचे?"

"हो. आनंद नाही झाला?"

"झाला ना. असं काय विचारता!" तिचा आवाज भरून आला होता, यात शंका नव्हती. मग ती म्हणाली, "फक्त तारीख जरा आधी सांगा."

"का गं?"

"तुम्ही येता तेव्हा महिनाभर क्लास बंद ठेवते मी. मशीन शेजारी नेऊन ठेवते. आता कायमचं म्हटल्यावर... बघते काहीतरी."

"किती मशीन आहेत?"

"आठ. समोरच्या खोलीत मावत नाहीत, दोन तुमच्या खोलीत आहेत."

भीमराव पायरीवर बसले. अकरा वर्षं त्या खोलीत त्यांना आपली खुर्ची, आपलं टेबल जागच्या जागी दिसत आलं होतं. दरवेळी ते मांडून ठेवावं लागत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"या वेळी काही हलवू नकोस," ते म्हणाले.

सुलोचनाने अगदी मनापासून, काळजीने विचारलं,

"मग तुम्ही बसणार कुठे?"