पाच मिनिटं फोटोवर

आमच्या नणंदबाई वर्गात मॅडम असतात, ते एक वेळ सोसेन. पण त्या घरीही मॅडमच असतात, आणि नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात असल्यामुळे मला राहावं लागतं त्यांच्याच घरात. या परक्या देशात कामकरी लोकांना इथली भाषा बोलायला शिकवणं हा त्यांचा उद्योग. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. बोलण्याची परीक्षा पास झाल्याचा दाखला महिनाअखेरपर्यंत दिला नाही, तर मला नारळ मिळणार होता. परीक्षेला बसायला मॅडमची सही लागते, आणि सहीसाठी वर्गात एका फोटोवर पाच मिनिटं न थांबता बोलावं लागतं. दोनदा मी अडखळले आणि दोनदा बाईंनी हसत हसत फॉर्म परत दिला. तो गुरुवार शेवटचा होता.

इंटरनेटवरच्या फोटोच्या खेळांचा बाईंना भारी नाद. एक साइट आहे. तिच्यावर फोटो चढवला की त्याला चौकट बसते, माणसांच्या डोक्यावर रिकामे फुगे चिकटवता येतात, आणि कुठल्या फुग्यात कोण काय म्हणतंय ते आपण बोलायचं. वर्गातल्या बेकरीवाल्याचा चेहरा त्यांनी अंतराळवीराच्या पोशाखात बसवला, तेव्हा तो लाजरा माणूस दहा मिनिटं बोलत सुटला होता. खोटं कशाला सांगू, युक्ती चांगली आहे. मीसुद्धा घरी मोबाइलवर लाँड्रीतल्या मशीनच्या फोटोंना फुगे लावून रोज एकटीच बडबडायचे.

त्या दिवशी बाईंनी भिंतीवर फोटो पाडला आणि म्हणाल्या, "आज तुमच्या घरचाच फोटो. सोपं जाईल तुम्हाला."

आमच्या घरचाच होता. मधे खुर्चीत सासूबाई, मागे माझा नवरा, शेजारी नणंदबाई आणि त्यांचे यजमान, पुढे त्यांची दोन पोरं. प्रत्येकाच्या डोक्यावर फुगा. मी उजव्या कडेला उभी होते, तिथे आता सोनेरी चौकट होती. नवऱ्याच्या खांद्यावर माझी चार बोटं तेवढी उरली होती.

बाईंनी मोबाइलवर वेळ लावली. मी सासूबाईंच्या फुग्यापासून सुरुवात केली, पोरांना भांडायला लावलं. वर्गातल्यांनी मधे मधे प्रश्न विचारायचे असतात. टॅक्सीवाल्यानं भिंतीकडे बोट करून विचारलं, "ती बोटं कुणाची आहेत?"

"माझी. मी या फोटोत होते. मॅडमनी मला कापलं."

"मॅडमनी तुम्हाला का कापलं?" बेकरीवाल्यानं सरावाचा प्रश्न म्हणून विचारलं.

"चौकट आपोआप बसते," नणंदबाई म्हणाल्या. "कडेचं थोडं जातं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खोटं आहे. चौकटीत आधी सगळा फोटो येतो. कुणाला काढायचं असेल तर कड बोटानं आत ओढावी लागते. मी रोज ओढते, मला माहीत आहे. माझं लग्न झाल्यापासून मॅडम मला अशाच बाहेर काढतात. सगळे जेवायला बसले की मला वाढायला उठवतात. सासूबाई तीन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं सगळं मी केलं. पाहुणे आले तेव्हा मॅडम म्हणाल्या, आम्ही केलं."

मी कुठेच अडखळले नाही. बारा वर्षांचं साठलेलं होतं, शब्द शोधावे लागले नाहीत. चार मिनिटं होऊन गेली आणि मला चक्क मजा यायला लागली.

नणंदबाई ताडकन उठल्या. वर्गात कुणी घरची भाषा बोललं तर त्या त्याला बाहेर काढतात, पण आता स्वतःच मराठीत कडाडल्या, "वहिनी, तोंड सांभाळ! मी काहीही कापलं नाही. दादाकडे घरच्यांचा फोटो मागितला, तर त्यानं हाच पाठवला. असाच. बघ!"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. नवऱ्याचा मेसेज होता. खाली तोच फोटो, चौकट नाही, फुगे नाहीत, आणि मीही नाही.

वर्गात मराठी कुणालाच येत नाही. टॅक्सीवाल्यानं उत्सुकतेनं विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?"

चाळीस सेकंद उरले होते. गप्प बसले असते तर सही गेली असती. काहीतरी थाप मारावी असं वाटलं, पण इथल्या भाषेत मला अजून पटकन थाप मारता येत नाही.

"मॅडम म्हणाल्या, त्यांनी मला कापलं नाही," मी सांगितलं. "माझ्या नवऱ्यानं कापलं. माझा नवरा दोन वर्षं दुसऱ्या शहरात काम करतो. मी त्याला दर रविवारी फोन करते. तो म्हणतो, त्यानं पलंगाजवळ आपल्या सगळ्यांचा फोटो लावला आहे. मी विचारते, तू तो बघतोस का? तो म्हणतो, हो, रोज बघतो."

पाच मिनिटं झाली, मोबाइल वाजला. नणंदबाईंनी फॉर्मवर सही केली आणि माझ्याकडे न बघता तो टेबलावरून सरकवला.

"चला, पुढचं कोण?" त्या म्हणाल्या.