सागवानावरचं तुळशीचं पान

चौऱ्याऐंशी साली सौसरात न्हाणीघरात टब बसवून घेण्याची हौस फक्त मुकुंदरावांना सुचावी. संत्र्यांच्या व्यापारात हात ओला होता. परासियाच्या बाजूला खाणीच्या जुन्या बंगल्याचा लिलाव झाला, तेव्हा तिथला लोखंडी टब त्यांनी ट्रकात घालून आणला. पाय गंजलेले, बाजू ओबडधोबड. तो झाकायला सभोवती आणि मागच्या भिंतीला सागवानी फळ्या मारायचं ठरलं. असलं काम येणारा सुतार जवळपास एकच होता, लोधीखेड्याचा सुखदेव. नागपूरच्या कारखान्यात बारा वर्षं रंधा मारून आलेला. तो बौद्धपुऱ्यातला आहे हे मुकुंदरावांना ठाऊक होतं; पण अडला की माणूस डोळ्यांवर कातडं ओढून घेतो.

सुखदेव बोळातल्या मागच्या दारानं आला आणि चार दिवस खपला. भिंतीवर आधी पट्ट्या ठोकल्या, मागून हवा खेळावी म्हणून बोटभर जागा सोडली, खाचेत खाच बसवून फळ्या अशा जुळवल्या की वरून एक खिळा दिसेना. शेवटी तळहातानं जवसाचं तेल चोळलं. निघताना मुकुंदरावांच्या बायकोला, वंदनाबाईंना, दोनदा बजावलं की आठ दिवस पाण्याचा थेंब नको, तेल जिरू द्या. मुकुंदरावांचे साडू गजाननभाऊ पांढुर्ण्याला घर बांधत होते. हे काम पाहून ते घराची सगळी दारं सुखदेवला देणार होते. भर पेठेत आपल्या हातची दारं लागणार, या आनंदात त्याला दोन रात्री झोप नव्हती.

सहाव्या दिवशी सांगावा आला. सुखदेव पोचला तेव्हा फळ्या फुगून वर आल्या होत्या, दोन तर खाचेतून निसटल्या होत्या. गजाननभाऊ नेमके तिथंच उभे. काही विचारायच्या आत मुकुंदरावांनी तोंड सोडलं.

"याले काम म्हणते का सुखदेव? पाहुण्यासमोर नाक कापलं माझं."

सुखदेव खाली बसला. एका फटीत बोट घातलं, तर कुजकं तुळशीचं पान हाताला लागलं आणि गोमूत्राचा वास आला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी कोणी टाकलं, एवढंच त्यानं विचारलं.

वंदनाबाईंना लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "मीच टाकलं. चार दिवस तू आतमंदी होता. तुळशीच्या पानानं गोमूत्र शिंपडलं, मंग वीस बादल्या पाणी मारलं. शुद्ध केल्याबिगर आंघोळ कशी कराव?"

ज्या तळहातानं तेल चोळलं, तोच हात यांना धुऊन काढायचा होता! आणि बोल लावायचा तो त्याच्या कामाला. मुकुंदराव भिंतीकडे बघत म्हणाले, आता बोभाटा नको, फळ्या वाळवून परत बसवून दे.

"बसवतो ना," सुखदेव म्हणाला. "पण मले परत चार दिवस आत राहा लागते. मी निघालो का तुमी परत धुवान, लाकूड परत फुगन. किती वेळा बसवू? माझं काम बिघडलं नाई, मुकुंदराव. हे भाऊसमोर तुमच्या तोंडानं सांगा."

मुकुंदराव निसटलेली फळी पायानं आत ढकलू लागले. शेवटी गजाननभाऊच सुखदेवला बोळात घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. सगळं त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"काम तुयं एक नंबर हाय, मले समजते," ते हळूच म्हणाले. "माही दारं तूच बनव. लोधीखेड्याले, तुया घरी बनव. बसवाले मी दुसरा माणूस पाहून राहिलो."

सुखदेवनं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"मंग बनवणाराही दुसराच पाहा, भाऊ."