उताराला लागलेले डबे

मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या रस्त्याला एका हौशी मालकाने माळावर जुन्या आगगाडीचे दोन डबे आणून उभे केले होते. सागवानी भिंती घासून चकचकीत केलेल्या, आत पांढऱ्या चादरींची टेबलं, पुढे छोटं डिझेल इंजिन. पाहुणे जेवत असताना गाडी उतारावरून काळू नदीच्या काठापर्यंत जायची आणि परत माळावर यायची. किन्हवलीकडची राही तिथे वाढायला होती. दोन वर्षं झाली, तरी गाडी उताराला लागली की ती हातातलं ठेवून टेबलाची कड धरायचीच. खाली रूळ संपत तिथे नुसता वाळूचा ढीग होता, आणि ढिगामागे कडा.

जत्रेचे दिवस होते. दुपारी दोन्ही डबे भरलेले. डिझेल भरायला इंजिन सोडवून शेजारच्या रुळावर नेलं होतं. राही भरीत वाढत होती आणि तिला दिसलं, खिडकीबाहेरचं झाड सरकतंय.

तिला वाटलं, आपल्यालाच भोवळ आली. मग टेबलावरचा ग्लास घरंगळला.

"अय्या, सुटली गाडी!" एक बाई हरखून म्हणाली.

पण इंजिन तर बाहेर उभं होतं. त्याचा चालक दोन्ही हात हलवत ओरडत धावत सुटला होता. राहीच्या हातातलं भांडं गळून पडलं.

मागच्या स्वयंपाकाच्या खोलीतून तिच्यासोबत कामाला येणाऱ्या शीतलची हाक आली, "राही, कढईत तेल हाय गो!"

"गॅस बंद कर आन खाली बस!" राही ओरडली.

राही दारापाशी धावली. गाडीला अजून सायकलइतकाच वेग होता. खाली मऊ गवत. तिचा एक पाय पायरीवर गेलासुद्धा. तेवढ्यात आत खुर्च्या कोसळल्या, मघाशी हरखलेली बाई किंचाळली, आणि राहीने पाय मागे घेतला.

खालच्या टोकाला गार्डची खोली होती, त्यात हँडब्रेकचं चाक. डबे दुरुस्त करणारा म्हातारा फिटर विठू एकदा म्हणाला होता, "ह्या ब्रेकची साखळी मीच बसवलीय. पन भरल्या गाडीला आवळून बघितलेला नाय."

त्या खोलीकडे जायचं म्हणजे कड्याच्याच दिशेने जायचं. राही टेबलं धरत, ठेचकाळत गेली. दार फुगून बसलेलं. तिने खांद्याने दोन धक्के मारले, तिसऱ्याला ते उघडलं. समोरच्या काचेत वाळूचा ढीग मोठा मोठा होत होता.

तिने चाक फिरवलं. ते हलकंच फिरलं, जणू त्याला काही जोडलेलंच नव्हतं. ती फिरवत राहिली. "आई गो, आई गो," एवढंच तोंडातून निघत होतं. मग एकाएकी ते जड झालं. राहीने सगळं अंग त्यावर टाकलं. खालून लोखंड किंचाळलं, जळका वास आला, आणि डबा वाळूत घुसून थांबला. काचेतून खालचे नदीतले दगड दिसत होते.

विठू धापा टाकत वर चढला. राहीची बोटं चाकावरून सुटत नव्हती. त्याने ती एकेक करून सोडवली.

कुणाला खरचटलं, कुणाचा दात पडला. जीव सगळ्यांचे वाचले. एका पाहुण्याने फोटोसाठी डब्याच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा उचलला होता, हे मागाहून कळलं. मालकाने फेरी कायमची बंद केली आणि राहीला शाल-नारळ दिला. त्या दिवशी तिच्याच्याने मान वर करवली नाही.

"शीतल, मी उडी मारनार व्हते," घरी जाताना ती म्हणाली. "तुला तितंच टाकून."

"मी बी मागच्या दारातून उडी मारायला बघितलं," शीतल म्हणाली. "गॅस बंद केलाच नाय मी. तो आपसूक इझला."

मग बस येईतो दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या.