मोरावळ्याचा डबा

कमलिनीआजी नाशिकहून दोह्याला आल्या त्या चार किलो मोरावळा घेऊन. विमानतळावरच्या साहेबाने डबा उघडायला लावला, नुसता वास घेतला आणि त्याचे पांढरे केस जागच्या जागी काळे झाले, असं त्या नातवाच्या अल सद्द भागातल्या अख्ख्या बिल्डिंगला सांगत. नातसून गौरी म्हणे, त्याला केसच नव्हते. मग तर आणखीच कमाल, आजी म्हणत.

मोरावळा होता नातवासाठी. यशोधन लुसैलला, नव्या स्टेडियमजवळच्या एका साईटवर इंजिनिअर. लोखंडी खांबांना गंज लागू नये म्हणून रंग मारून घ्यायचा, हे त्याचं काम. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि तपासणीत त्याच्याच शुक्राणूंचा आकडा फार खाली निघाला. डॉक्टर मुनीराने समजावलं होतं की रंग पातळ करायच्या थिनरची वाफ अंगात जाऊन बीजाला जणू गंज लावते. आवळा, फळं, भाज्या थोडा आधार देतील, पण आधी वाफ थांबवा, मास्क सोडू नका. नवं बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेव्हा परत तपासू.

मास्क तर तो कधीच सोडत नसे. तरीही घसा जळे, डोकं चढे. आजी रोज सकाळी त्याला दोन आवळे खायला घालत आणि वर त्यांच्या गावच्या केरबाची गोष्ट. केरबाने ऐंशीव्या वर्षी मोरावळा धरला, तर सुताराला पाळणे करता करता दुसरं काम घेता येईना.

एका गुरुवारी यशोधनने मास्क धुवायला घरी आणला. मास्कच्या दोन्ही गालांवर कोळशाच्या गोल डब्या असतात, त्या वाफ शोषून घेतात. आजींचं नाक पन्नास वर्षं लोणची घातलेलं. त्यांनी मास्क आतून हुंगला आणि तोंड फिरवलं. डब्या आठच दिवसांच्या आहेत, तो म्हणाला. काम संपलं की कुठे ठेवतोस, आजींनी विचारलं. रंगाच्या स्टोअरमध्ये, खिळ्याला. सगळेच तिथे टांगतात.

"येशा, संध्याकाळी तू घरी येतोस. कोळसा येतो का? तो रात्रभर तिथे वाफ पीत बसतो, आणि सकाळी भरल्या पोटी तुझ्या नाकाला लागतो."

यशोधनला आठवलं. मास्कसोबत घट्ट बंद होणारी पिशवी आली होती. तिच्यात त्याने नटबोल्ट भरले होते.

आजींनी मोरावळा काचेच्या बरणीत काढला. त्याचा रबरी कडेचा डबा सोडा लावून तीनदा घासला आणि त्याच्या हातात दिला. नव्या डब्या लावलेला मास्क त्यात, आणि तो डबा ऑफिसच्या कपाटात. फोरमन जहूरने आधी विचारलं, साहेब, आज जेवायला काय आणलंत? आठवड्याभरात यशोधनचा घसा मोकळा झालेला पाहून त्यानेही डबा आणला. महिन्याभरात स्टोअरमधले सगळे खिळे रिकामे.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा चांगला वर चढला होता. आता आशेला जागा आहे, डॉक्टर मुनीरा म्हणाली, आणि आजींकडे वळून हिंदीत समजावलं की आवळे चांगलेच, पण खरं काम केलं ते डब्याने.

आजींनी पदर सारखा केला.

"और डब्बा किसका था?"